हेल्मेटच्या आतला नारळ

अमेरिकन फुटबॉल पाहताना नजर चेंडूमागे धावते, त्यामुळे सेंटर हा खेळाडू सहसा दिसतच नाही. तो वाकून चेंडू दोन पायांमधून मागे क्वार्टरबॅकला, म्हणजे आक्रमणाची सूत्रं हलवणाऱ्या खेळाडूला, देतो आणि पुढच्याच क्षणी समोरच्या आडदांड गड्याला अडवायला डोकं-खांदे पुढे घालतो. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाच्या माइक वेबस्टरने १९७४ पासून १७ हंगाम हेच केलं. शेवटचे दोन कॅन्सस सिटीकडून. २४५ सामने, ४ सुपर बोल, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्याची, विजेतेपदं.

निवृत्तीनंतर त्याची स्मरणशक्ती ढासळली, संसार मोडला, कित्येक रात्री त्याने गाडीत काढल्या. २००२ मध्ये हृदयविकाराने तो गेला, अवघ्या पन्नाशीत. शवविच्छेदन करणारे नायजेरियात जन्मलेले डॉक्टर बेनेट ओमालू चक्रावले, कारण मेंदू वरून अगदी धडधाकट दिसत होता. तरीही त्यांनी तो जपून ठेवला आणि पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. तिथे टाऊ नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या होत्या. २००५ मध्ये त्यांचा शोधनिबंध आला.

गोटा झालेला नारळ कानाशी धरून हलवा. आतलं खोबरं करवंटीवर आपटतं. कवटीतला मेंदूही द्रवात तरंगत असतो. हेल्मेट म्हणजे करवंटीवर आणखी एक करवंटी. कवटी फुटत नाही, पण डोकं झटक्यात थांबलं किंवा वळलं की आतला मऊ मेंदू मागे राहतो, पिळवटतो आणि चेतातंतू ताणले जातात. या तंतूंच्या आतल्या सूक्ष्म नळ्यांना टाऊ आधार देतं. वारंवार ताण बसला की ते सुटतं, आपापसात चिकटतं आणि मेंदूच्या घड्यांच्या तळाशी, बारीक रक्तवाहिन्यांभोवती साचतं. वारंवारच्या धडकांनी होणाऱ्या मेंदूच्या या आजाराला सीटीई (क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी) म्हणतात.

खेळाडू बेशुद्ध पडला की सगळं मैदान थांबतं. सेंटरसारख्या पुढच्या फळीतल्या खेळाडूचं, म्हणजे लाइनमनचं, दुखणं वेगळं: चक्करही येऊ नये इतक्या बेताच्या धडका, पण चेंडू खेळात आला की जवळपास प्रत्येक वेळी, आणि सरावात पुन्हा त्याच. त्या मोजतो कोण?

२०१७ च्या एका अभ्यासात एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगच्या १११ माजी खेळाडूंपैकी ११० जणांच्या मेंदूत सीटीई आढळला. आकडा धडकी भरवणारा आहे, पण ज्यांना त्रास दिसला त्यांच्याच घरच्यांनी मेंदू दान करण्याची शक्यता जास्त, हेही ध्यानात ठेवायला हवं. जिवंतपणी याचं पक्कं निदान अजूनही होत नाही. धडका कमी करणं मात्र हातात आहे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या २०११ च्या करारात हंगामभरात पॅड घालून करायच्या सरावांवर १४ ची मर्यादा आली. वेबस्टरच्या काळात असं काही नव्हतं.