स्थानिक वृत्तपत्रांतील प्रशिक्षण आणि संपर्कव्यवस्था (पुणे)

पुणे शहर व जिल्ह्यातील दैनिके, साप्ताहिके आणि तालुक्याच्या गावांतून निघणारी नियतकालिके यांत काम करणारे वार्ताहर, उपसंपादक, छायाचित्रकार व प्रकाशक ज्या मार्गांनी आपला व्यवसाय शिकतात आणि परस्परांशी व्यावसायिक संबंध ठेवतात, ती व्यवस्था. विद्यापीठातील अभ्यासक्रम, वृत्तसंपादकाच्या हाताखाली मिळणारे शिक्षण, पत्रकार संघांच्या कार्यशाळा, पत्रकार परिषदांच्या निमित्ताने होणाऱ्या रोजच्या गाठीभेटी आणि अलीकडची दूरस्थ प्रशिक्षणे हे सारे तीत येते. पुण्यात या व्यवस्थेचा पत्रकारांच्या बाजूचा भाग जुना व बळकट आहे. प्रकाशकांच्या बाजूचा भाग त्या मानाने फार कच्चा आहे, आणि जिल्ह्यातली बरीच साप्ताहिके बंद पडण्यामागे हेही एक कारण मानावे लागते.

पार्श्वभूमी : पुण्यात वृत्तपत्र आणि शिक्षण यांची सांगड आरंभापासून आहे. ‘ज्ञानप्रकाश’ १८४९ साली सुरू झाले व १९०४ मध्ये त्याचे दैनिक झाले. १८८१ च्या जानेवारीत ‘मराठा’ व ‘केसरी’ निघाले ते १८८० साली न्यू इंग्लिश स्कूल काढणाऱ्या शिक्षकांच्याच हातून. विष्णुशास्त्री चिपळूणकर, बाळ गंगाधर टिळक आणि गोपाळ गणेश आगरकर ही मंडळी सकाळी वर्गावर असत आणि मग आर्यभूषण छापखान्यात मुद्रिते तपासत. पुढच्याच वर्षी त्यांना एक कठोर धडा मिळाला. कोल्हापूरच्या दिवाणांविषयी छापलेली पत्रे बनावट निघाली आणि १८८२ मध्ये टिळक व आगरकरांना चार महिन्यांची शिक्षा होऊन डोंगरीच्या तुरुंगात जावे लागले. हाती आलेला कागद कोणी दिला, का दिला आणि तो खरा कशावरून, हे छापण्याआधी विचारायचे असते. नवोदित वार्ताहराला हे समजावताना पुण्यातल्या अध्यापकाला उदाहरणासाठी गावाबाहेर जाण्याची गरज नाही.

बातमीदारीला व्यवसाय म्हणून शिस्त लावण्याचे श्रेय प्रामुख्याने ना. भि. परुळेकर यांचे. अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेल्या परुळेकरांनी १ जानेवारी १९३२ रोजी ‘सकाळ’ सुरू केला. तोवर मराठी पत्रात अग्रलेख हा राजा होता. परुळेकरांनी बातमीला मान दिला, बाजारभाव, नगरपालिका आणि शाळा-महाविद्यालये यांना रोजची जागा दिली आणि गावोगाव वार्ताहर नेमले. तालुका वार्ताहर नावाची जी संस्था आज प्रत्येक मराठी दैनिकात दिसते, तिची घडण या काळातली. हा वार्ताहर बहुधा पूर्णवेळ नोकर नसतो. तो शिक्षक असतो, दुकानदार असतो, शेतकरी असतो किंवा त्याच पेपरचा एजंटही असतो. त्याचे प्रशिक्षण म्हणजे त्याने पाठवलेली बातमी आणि दुसऱ्या दिवशी छापून आलेली बातमी यांतला फरक. कोणते वाक्य गेले, कोणते वर आले, मथळा कशाला मिळाला, हे जो ताडून पाहतो तो शिकतो. जो फक्त आपले नाव आले की नाही ते पाहतो, तो वीस वर्षांनीही तिथेच असतो.

रानडे इन्स्टिट्यूट : फर्ग्युसन महाविद्यालय रस्त्यावरच्या या वास्तूत पुणे विद्यापीठाचा (आता सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) संज्ञापन व वृत्तपत्रविद्या विभाग आहे. विभागाची सुरुवात १९६४ सालची. विभागाचे अधिकृत नाव सहसा कोणी घेत नाही, ‘रानडेला होतो’ एवढ्यावर ओळख पुरते. पुण्या-मुंबईच्या मराठी दैनिकांत आणि वाहिन्यांत इथले विद्यार्थी मोठ्या संख्येने भेटतात, आणि एका तुकडीत शिकलेली माणसे पुढे प्रतिस्पर्धी पेपरांत गेली तरी त्यांच्यातला दूरध्वनी तुटत नाही. माहितीची खातरजमा, नोकरीची खबर, नव्या शहरात बदली झाल्यावर पहिल्या आठवड्यात लागणारे चार फोन नंबर यांसाठी या ओळखी कामी येतात. कोणत्याही कार्यशाळेतून असे जाळे विणले जात नाही. शहराच्या मध्यवस्तीतली जागा हाही विभागाचा मोठा गुण आहे, कारण काम संपवून किंवा कामावर जाता जाता चालू पत्रकारांना तिथे शिकवायला येता येते. २०२१ मध्ये विभाग विद्यापीठाच्या मुख्य आवारात हलवण्याचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा विद्यार्थ्यांनी आणि माजी विद्यार्थ्यांनी त्याला कडाडून विरोध केला, तो यामुळेही.

टिळक महाराष्ट्र विद्यापीठ, सिम्बायोसिस आणि शहरातली काही महाविद्यालये यांतही पत्रकारिता वा माध्यमांचे अभ्यासक्रम आहेत. त्यांतल्या महागड्या इंग्रजी अभ्यासक्रमांचा ओढा जाहिरात, जनसंपर्क आणि दूरचित्रवाणीकडे अधिक. भारतीय जनसंचार संस्थेच्या अमरावती केंद्रात मराठी पत्रकारितेचा पदविका अभ्यासक्रम चालतो.

कार्यालयातले शिक्षण : पदवी कोणतीही असो, कामाचे वळण लागते ते डेस्कवर (बातम्यांचे संपादन होते त्या टेबलावर) आणि बीटवर (वार्ताहराला नेमून दिलेल्या क्षेत्रात). जुन्या पद्धतीत नवा माणूस आधी प्रेसनोटी आणि दैनंदिनी लिही, मग गुन्हे वृत्त, मग महापालिका. महापालिकेचे बीट ही पुण्यातली खरी शाळा मानली जाई. मुख्य सभेच्या पत्रकार कक्षात बसून नगरसेवकांची भाषणे ऐकताना पाणीपुरवठा, विकास आराखडा, टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क), कात्रजचा तलाव आणि फुरसुंगीचा कचरा डेपो हे सारे नकळत कळत जाई. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपली आणि दीर्घकाळ प्रशासकराज राहिले. त्या काळात बीटवर आलेल्या पत्रकारांना सभागृहातला वाद ऐकायलाच मिळाला नाही. त्यांनी शहर ओळखले ते आयुक्तांच्या निवेदनांतून आणि प्रसिद्धिपत्रकांतून. ही उणीव भरून काढायची तर त्यांना अंदाजपत्रक वाचायला शिकवणे हा सगळ्यात उपयोगी वर्ग ठरेल. आयुक्तांच्या भाषणातला मोठा आकडा हा संकल्पित असतो. मागच्या वर्षीचा सुधारित अंदाज आणि त्याच्याही मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष जमाखर्च हे आकडे त्याच पुस्तकात असतात. ज्या रस्त्यासाठी यंदा तरतूद दाखवली आहे त्याच रस्त्यासाठी गेल्या वेळीही ती होती, आणि खर्च झाला शून्य, ही बातमी त्या शेजारच्या रकान्यांत पडून असते. गोखले अर्थशास्त्र संस्थेसारखी संस्था शहरात असताना असे वर्ग नियमित भरू नयेत याचे वाईट वाटते.

कायद्याचे भान : तालुका वार्ताहरांच्या प्रशिक्षणात सर्वाधिक वेळ द्यावा असा हा भाग. लैंगिक अत्याचाराच्या बातमीत पीडितेची ओळख उघड करण्यास पॉक्सो कायद्याचे कलम २३ आणि भारतीय न्याय संहितेचे कलम ७२ मनाई करतात. नाव गाळायचे असते हे बहुतेकांना माहीत असते. चूक होते ती पुढे. दीड हजार वस्तीच्या गावाचे नाव, मुलीची इयत्ता, वडील कोणत्या कारखान्यात कामाला आहेत आणि आरोपी हा चुलत मामा आहे, एवढे चार तपशील एका परिच्छेदात आले की गावाला नावाची गरजच उरत नाही. पुण्याच्या आवृत्तीत बसलेल्या उपसंपादकाला ते गाव केवढे आहे याचा अंदाज नसतो, आणि वार्ताहराला वाटते की नियम पाळला. दोघांना एका टेबलाशी बसवून अशा पाच-सहा छापील बातम्या पेन्सिलने तपासायला लावल्या तर कायद्यावरच्या तासाभराच्या व्याख्यानापेक्षा जास्त काम होते. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाल्यावर कलमांचे आकडेही बदलले. वर्षानुवर्षे तोंडात बसलेले खुनाचे ३०२ आता १०३ झाले आणि फसवणुकीच्या ४२० च्या जागी ३१८ आले. गुन्हे वार्ताहरांना सारी उजळणी पुन्हा करावी लागली.

माहितीचा अधिकार हे दुसरे महत्त्वाचे हत्यार. २००५ च्या कायद्याचे प्रशिक्षण बाणेर रस्त्यावरच्या यशदा संस्थेत अधिकाऱ्यांना दिले जाते, आणि शहरात माहिती अधिकार कार्यकर्त्यांची मोठी फळी आहे. अर्ज नेमका कसा लिहावा, अपिलाच्या मुदती कशा सांभाळाव्यात हे पत्रकार बहुधा या कार्यकर्त्यांकडूनच शिकतात.

पत्रकार भवन आणि संघटना : नवी पेठेत गांजवे चौकाजवळचे पत्रकार भवन हे शहरातील पत्रकारांच्या भेटीगाठींचे केंद्र. पुणे श्रमिक पत्रकार संघाचे कामकाज इथून चालते. सकाळच्या पत्रकार परिषदा, निवडणुकीच्या काळातले नेत्यांशी वार्तालाप, पुरस्कार आणि व्याख्याने यांमुळे इथे रोज निरनिराळ्या पेपरांची माणसे एकत्र येतात. परिषद संपल्यावर जिन्यात आणि चहाच्या टपरीवर जी चर्चा होते, तिच्यात नव्या वार्ताहराला नेत्याने काय सांगायचे टाळले ते कळते. याची दुसरी बाजूही नोंदवली पाहिजे. सगळ्यांनी एकच टिपण वाटून घेतले की दुसऱ्या दिवशी सगळ्या पेपरांत एकच बातमी येते, आणि संपर्काची ही सोय आळसाचे कारण बनते.

ग्रामीण भागात अखिल भारतीय मराठी पत्रकार परिषद (स्थापना १९३९) आणि तिच्याशी जोडलेले जिल्हा व तालुका पत्रकार संघ हे काम करतात. ६ जानेवारी हा ‘दर्पण’चा दिवस पत्रकार दिन म्हणून जुन्नरपासून इंदापूरपर्यंत साजरा होतो. बाळशास्त्री जांभेकरांच्या प्रतिमेचे पूजन, सत्कार आणि प्रमुख पाहुण्यांचे भाषण असा त्याचा ठरलेला साचा. वर्षातून एकदाच सारे वार्ताहर एकत्र जमणार असतील तर त्या दिवसाचे दोन तास अशा भाषणांवर खर्च होणे परवडणारे नाही. अधिस्वीकृती पत्रिका (पत्रकाराला शासनाकडून मिळणारे ओळखपत्र), ज्येष्ठ पत्रकारांसाठीची आचार्य बाळशास्त्री जांभेकर सन्मान योजना, शंकरराव चव्हाण पत्रकार कल्याण निधी आणि पत्रकारांवरील हल्ल्यांविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१७ चा कायदा यांची माहिती या मेळाव्यांत दिली जाते. तो भाग खरोखर उपयोगाचा असतो, कारण हल्ला झाल्यावर कोणत्या कायद्याखाली फिर्याद द्यायची हे अनेकांना तेव्हाच कळते.

प्रकाशकांचे प्रशिक्षण : बारामती, मंचर, सासवड वा शिरूरच्या साप्ताहिकात मालक, मुद्रक, प्रकाशक आणि संपादक ही चारही नावे बहुधा एकाच माणसाची असतात. त्याला बातमी येते, पण हिशेब, नोंदणी, टपाल सवलत आणि जाहिरात यांचे शिक्षण कोणीच दिलेले नसते. १८६७ चा जुना कायदा जाऊन २०२३ चा प्रेस व नियतकालिक नोंदणी कायदा १ मार्च २०२४ पासून लागू झाला. शीर्षक व नोंदणीची कामे आता ‘प्रेस सेवा’ पोर्टलवर होतात आणि वार्षिक विवरणही ऑनलाइन भरायचे असते. जिल्हा दंडाधिकाऱ्यांच्या कार्यालयातल्या ओळखीवर वर्षानुवर्षे काम भागवलेल्या वयस्क प्रकाशकाला हा बदल जड गेला. शासनमान्य जाहिरात यादीत राहायचे तर अंक वेळेवर निघणे, ते माहिती कार्यालयात पोहोचणे आणि खपाचे दाखले नीट असणे आवश्यक असते. यातला एक धागा सुटला की जाहीर नोटिसा थांबतात, आणि लहान पत्राचा श्वास त्यांच्यावरच चालतो. उरते ती पुढाऱ्यांच्या वाढदिवसाची शुभेच्छा जाहिरात, आणि ती मागायला जाणारा माणूस तोच असतो ज्याने त्या पुढाऱ्याच्या टेंडरची बातमी लिहायची असते. मोठ्या दैनिकांचे तालुका वार्ताहरही वर्धापनदिन पुरवणीच्या वेळी याच कात्रीत सापडतात. या पेचावर उघड बोलणारी कार्यशाळा क्वचितच दिसते. बातमी आणि जाहिरात वेगळी माणसे पाहतील एवढी ऐपत नसेल, तर निदान चार तालुक्यांतल्या साप्ताहिकांनी मिळून एक जाहिरात प्रतिनिधी ठेवणे शक्य आहे. त्यासाठी आधी प्रकाशकांनी एकमेकांना प्रतिस्पर्धी समजणे सोडावे लागेल.

मुद्राक्षरांचा प्रश्न हा पुण्याच्या दृष्टीने विशेष. मराठी वृत्तपत्रांची संगणकीय अक्षरजुळणी ज्या साधनांवर उभी राहिली, त्यांतली दोन महत्त्वाची पुण्यातलीच : १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेचे जिस्ट तंत्रज्ञान आणि मॉड्युलर इन्फोटेक या कंपनीची श्रीलिपी. त्या काळच्या फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर कागदावर सुरेख उमटतो, पण तो संकेतस्थळावर चिकटवला की अक्षरांच्या जागी चिन्हांचा घोळ दिसतो. युनिकोडमध्ये (सर्व संगणकांवर चालणाऱ्या सामायिक अक्षरसंकेतांत) रूपांतर करताना रफार पुढच्या अक्षरावर सरकतो, ऱ्हस्व वेलांटी जागा सोडते, जोडाक्षरे फुटतात, आणि मुद्रितशोधन पुन्हा करावे लागते. अनेक साप्ताहिकांचा पंधरा-वीस वर्षांचा ऐवज अशा जुन्या फायलींत अडकलेला आहे. गावच्या धरणाचा, सोसायटीच्या निवडणुकीचा, दुष्काळाचा हा लेखी पुरावा शोधता येत नाही. एका दिवसाच्या वर्गात रूपांतराची पद्धत शिकवता येते. पुढचे काम चिकाटीचे आहे, आणि ते त्या त्या गावातल्या महाविद्यालयीन मुलांकडून करून घेता येईल.

अलीकडे गूगल न्यूज इनिशिएटिव्ह व डेटालीड्स यांच्या प्रशिक्षकांनी छायाचित्र व चित्रफितींची पडताळणी मराठीतूनही शिकवली. व्हॉट्सॲपवर फिरणारा बिबट्याचा व्हिडिओ आपल्याच तालुक्यातला आहे का, हे तपासण्याची गरज जुन्नर-आंबेगाव भागातल्या वार्ताहराला वारंवार पडते, त्यामुळे हे कौशल्य तिथे लवकर रुजण्याजोगे आहे.

सहभागातील अडचणी : बातमीमागे मोबदला घेणाऱ्या वार्ताहराला पुण्यात दिवसभर प्रशिक्षणाला येणे म्हणजे त्या दिवसाची कमाई आणि एसटीचे भाडे दोन्ही गमावणे. शिवाय त्याच्या गैरहजेरीत तालुक्यात काही घडले तर बातमी दुसऱ्याकडे जाते. महिला वार्ताहरांना संध्याकाळच्या सत्रांनंतर परतीच्या गाडीचा प्रश्न असतो, आणि तालुका पातळीवर त्यांची संख्या आधीच थोडी आहे. प्रवासखर्च देणारी, दुपारी चारपर्यंत संपणारी आणि राजगुरुनगर, दौंड वा भोर अशा ठिकाणी आळीपाळीने भरणारी सत्रे हा यावरचा साधा उपाय आहे. त्याचा खर्च ज्या दैनिकांना या वार्ताहरांकडून रोज पानभर मजकूर मिळतो, त्यांनी उचलणे न्याय्य ठरेल.