वाळू धावपटूकडून काय काढून घेते

गुहागरला किंवा आंजर्ल्याला सुरूच्या बनातून समुद्राकडे जाताना मधली कोरडी पुळण ज्याने पळत ओलांडली असेल, त्याला तेवढ्याशा अंतरात लागलेला दम चांगला आठवत असेल. दम का लागला असे विचारले, तर बहुतेक जण सांगतात की वाळूत पाय रुततो, रुतलेला पाय उपसून काढावा लागतो आणि म्हणून श्रम वाढतात. हे उत्तर चालण्यापुरते बरेचसे खरे आहे. धावण्याच्या बाबतीत मात्र ते अपुरे पडते, आणि त्यातून जो भाग निसटतो तोच मला या साऱ्या विषयातला सर्वांत सुंदर भाग वाटतो.

१९९८ साली बेल्जियममधील लज्यून, विलेम्स आणि हेग्लंड या संशोधकांनी माणसांना कठीण जमिनीवर आणि वाळूवर सारख्याच वेगाने चालायला व पळायला लावून दोन गोष्टी वेगवेगळ्या मोजल्या. पहिली म्हणजे शरीर आणि वाळू हलवण्यासाठी प्रत्यक्ष झालेले यांत्रिक कार्य, आणि दुसरी म्हणजे त्यासाठी शरीराने खर्च केलेली एकूण ऊर्जा, जी श्वासातून वापरल्या गेलेल्या ऑक्सिजनवरून काढता येते. चालताना वाळूवरचे कार्य १.६ ते २.५ पट झाले आणि ऊर्जेचा खर्च २.१ ते २.७ पट झाला. म्हणजे दोन्ही आकडे साधारण एकमेकांबरोबर वाढले. पळताना मात्र कार्य फक्त १.१५ पट झाले आणि ऊर्जेचा खर्च १.६ पट झाला. काम शेकडा १५ ने वाढले आणि त्याची किंमत शेकडा ६० ने वाढली, तर मधली ऊर्जा गेली कुठे?

उत्तराकडे वळण्यापूर्वी ज्या जागेमुळे वाळूत पळण्याचा व्यायाम जगभर प्रसिद्ध झाला तिचा उल्लेख केला पाहिजे. ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्यात समुद्रकाठी पोर्टसी नावाचे गाव आहे. तेथे पर्सी सेरुटी हे प्रशिक्षक आपल्या धावपटूंना वाळूच्या उंच टेकड्यांवर पुन्हापुन्हा पळत चढवत असत आणि पन्नाशी-साठी ओलांडलेली असतानाही स्वतः त्यांच्याबरोबर चढत असत. त्यांचा शिष्य हर्ब एलियट याने १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये, म्हणजे ज्या स्पर्धेत मिल्खासिंग ४०० मीटरमध्ये चौथे आले त्याच स्पर्धेत, १५०० मीटर अंतर ३ मिनिटे ३५.६ सेकंदांत पार करून विश्वविक्रमासह सुवर्णपदक मिळवले. दुसरा आलेला धावपटू त्याच्या जवळजवळ तीन सेकंद मागे होता. तेव्हापासून वाळूच्या टेकडीला एक दंतकथेचे वलय आहे. परंतु एलियट लांब पल्ल्याच्या दौडी करत होता, वजने उचलत होता आणि जात्याच असामान्य धावपटू होता. त्यामुळे सुवर्णपदकाचे श्रेय एकट्या वाळूला देणे शास्त्राला धरून होणार नाही.

आता त्या हरवलेल्या ऊर्जेकडे येऊ. आपल्या टाचेच्या किंचित वर जी जाड, ताठ दोरी दोन बोटांच्या चिमटीत धरता येते ती पोटरीच्या स्नायूला टाचेच्या हाडाशी जोडणारी कंडरा होय. कठीण जमिनीवर पळताना पाऊल टेकते, शरीराचा भार खाली येतो आणि ही कंडरा रबराप्रमाणे ताणली जाते. पुढच्याच क्षणी ती आखडते आणि साठवलेली ऊर्जा परत देऊन शरीराला वर व पुढे ढकलते. तळपायाची कमानही असेच काम करते. ब्रिटनमधील मॅकनील अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली मांडलेल्या हिशेबानुसार, ७० किलो वजनाचा माणूस सेकंदाला साडेचार मीटर वेगाने पळत असेल, तर प्रत्येक पावलागणिक सुमारे १०० जूल ऊर्जा शरीरातून वजा होऊन पुन्हा परत यावी लागते, आणि त्यांपैकी सुमारे ३५ जूल टाचेची कंडरा व सुमारे १७ जूल पायाची कमान सांभाळते. ताणलेल्या कंडरेत साठलेल्या ऊर्जेचा नव्वद टक्क्यांहून अधिक भाग परत मिळतो. दर पावलाला निम्मी देवाणघेवाण जवळजवळ फुकट होते, हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा माझा स्वतःच्या पायांकडे पाहण्याचा दृष्टिकोनच बदलला.

या व्यवस्थेत स्नायूची भूमिका काय, हे नीट समजून घेण्यासारखे आहे. रबर ताणायचे असेल तर त्याचे एक टोक कोणीतरी घट्ट धरून ठेवावे लागते. पळताना पोटरीचा स्नायू बहुतांशी हेच करतो. तो जोर लावतो, पण स्वतः फारसा आखडत नाही, म्हणून कमी ऊर्जेत मोठे बल देऊ शकतो. ब्रिटिश शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी १९३८ साली दाखवून दिले की स्नायू जितक्या वेगाने आखडतो तितके त्याचे बल घटते. म्हणजेच वेगाने आखडत असताना तेवढेच बल हवे असेल तर जास्त तंतू कामाला लावावे लागतात, आणि प्रत्येक तंतू आपली इंधनाची मागणी वेगळी नोंदवतो. शिवाय स्नायूने स्वतः आखडून कार्य केले, तर त्याने खर्चलेल्या ऊर्जेपैकी फार तर चौथा हिस्सा कार्याच्या रूपात मिळतो आणि उरलेली उष्णता होते.

वाळूवर हीच व्यवस्था विस्कटते. फरशीवर टाकलेला रबरी चेंडू उसळतो आणि वाळूवर टाकलेला जागीच बसतो, कारण त्याची ऊर्जा कणाकणांच्या घर्षणात विरून जाते. पाऊल रेटा देऊ लागले की वाळू खाली आणि मागे सरकते. कंडरा सुटताना जो धक्का जमिनीकडून शरीराला मिळायचा, त्याचा काही भाग वाळू विस्कटण्यातच संपतो, आणि ती तूट भरून काढण्यासाठी स्नायूंना प्रत्यक्ष आखडून, तेही अधिक वेगाने, काम करावे लागते. स्प्रिंगचे काम इंजिनावर येऊन पडते. एकूण कार्य थोडेच वाढलेले असले तरी त्यातला मोठा वाटा आता महागड्या मार्गाने होतो, आणि १.१५ व १.६ या आकड्यांमधले अंतर प्रामुख्याने येथून येते. चालताना कंडरेच्या उसळीवर एवढी भिस्त नसते, म्हणून तेथे वाळू हलवण्याचे सरळ श्रमच हिशेबात ठळक दिसतात.

वाळू सरकते ती का, हाही प्रश्न साधा नाही. कोरड्या वाळूचे कण एकमेकांना चिकटलेले नसतात. ते केवळ घर्षणाने आणि एकमेकांत अडकून तग धरतात. म्हणून धान्याच्या राशीप्रमाणे कोरड्या वाळूची रासही सुमारे ३४ अंशांपेक्षा उभी राहत नाही. टेकडीची वाऱ्याकडे पाठ असलेली बाजू याच मर्यादेवर तोललेली असते, आणि तिच्यावर पाऊल ठेवले की उतारच घसरू लागतो. वाऱ्याकडची बाजू मंद उताराची आणि अधिक घट्ट बसलेली असते. भरतीच्या रेषेखालची ओली वाळू टणक लागते, कारण कणांमधले पाणी पृष्ठताणाने त्यांना एकत्र ओढून धरते. तेथे पाऊल दाबले की भोवतीची वाळू क्षणभर कोरडी पडलेली दिसते, ती पाणी पिळून निघाल्यामुळे नव्हे. ब्रिटिश शास्त्रज्ञ ऑस्बर्न रेनॉल्ड्स यांनी १८८५ साली स्पष्ट केल्याप्रमाणे, घट्ट बसलेले कण एकमेकांवरून सरकताना त्यांच्यातल्या मोकळ्या जागा वाढतात आणि पृष्ठभागावरचे पाणी त्या जागांत आत ओढले जाते.

टेकडी चढताना यात गुरुत्वाकर्षणाविरुद्धचे कार्य मिळवावे लागते. ६० किलो वजनाच्या व्यक्तीने २५ मीटर उंची गाठली तर सुमारे १४,७०० जूल कार्य होते, आणि स्नायूंची कार्यक्षमता एक चतुर्थांश धरली तर सुमारे १४ किलोकॅलरी खर्च होतात. प्रत्येक पाऊल निम्मे खाली घसरत असेल, तर तीच उंची दुप्पट चढल्यासारखे होते, म्हणजे २८ किलोकॅलरी. एका पोळीची ऊर्जाही यापेक्षा बरीच अधिक असते. तेव्हा वाळूच्या टेकडीवर एकदोनदा चढून चरबी वितळवण्याचे कोणी आश्वासन दिले, तर ते साध्या गुणाकारापुढेही टिकत नाही. अनवाणी पायांतून पृथ्वीची ऊर्जा शरीरात शिरते किंवा शरीरातील दूषित भार जमिनीत उतरतो, हा दावा तर त्याहून पोकळ आहे. शरीर आणि जमीन यांच्यात विद्युतभार वाहू शकतो हे खरे, पण त्याने पेशीला इंधन मिळत नाही. ते अन्नातून आणि ऑक्सिजनमधूनच मिळते.

मग खरा लाभ कोणता? आदळण्याचा धक्का कमी असल्यामुळे ताणाखाली लांबत जाणाऱ्या स्नायूंना होणारी इजा कमी होते. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ३७ फुटबॉलपटूंना चार आठवडे उड्यांचा सराव देण्यात आला, काहींना वाळूवर आणि काहींना गवतावर. वाळूवरच्या गटाचे स्नायू कमी दुखले आणि जोरात पळण्याची क्षमता दोन्ही गटांत सुधारली; परंतु आधी किंचित खाली दबून मग मारायच्या उडीत, म्हणजे जेथे उसळीचा उपयोग होतो तेथे, गवतावरच्या गटाची प्रगती अधिक झाली. वर सांगितलेल्या यंत्रणेशी हे तंतोतंत जुळते. वाळू इंजिनाला व्यायाम देते, पण स्प्रिंगच्या उसळीला फारसा सराव देत नाही. शर्यतीसाठी तयारी करणाऱ्याने म्हणूनच सारा सराव वाळूवर करणे चुकीचे ठरेल. टाच चवड्यापेक्षा खोल रुतल्याने पोटरी आणि कंडरा अधिक ताणल्या जातात, त्यामुळे आरंभी आठवड्यातून एकदा, दहा-पंधरा मिनिटे आणि सपाट पुळणीवर एवढेच पुरे. पाण्यालगतच्या कलत्या पट्ट्यावर पळताना ठरावीक अंतराने दिशा उलटवावी, म्हणजे एकाच गुडघ्यावर आणि कंबरेवर सतत भार येत नाही.

कोकण आणि गोव्याच्या किनाऱ्यावरच्या वाळूच्या टेकड्या मात्र या व्यायामासाठी वापरू नयेत, असे माझे ठाम मत आहे. पोर्टसीची उंची त्यांना नाही. मर्यादवेलीच्या लांब वेलांनी त्यांतली सैल वाळू बांधून धरलेली असते. रोज त्याच वाटेने पाय पडू लागले की वेल तुटतो, उघडी पडलेली वाळू वारा उडवून नेतो आणि उधाणाचे पाणी मागच्या वाडीपर्यंत येण्याचा मार्ग मोकळा होतो. किनारा नियमन क्षेत्राच्या नियमांत या टेकड्या सर्वाधिक संरक्षणाच्या वर्गात ठेवलेल्या आहेत. वेळास आणि आंजर्ले येथे हिवाळ्यापासून समुद्री कासवे भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या वाळूत अंडी घालतात, म्हणून त्या महिन्यांत तेथे पळायचे असेल तर ओल्या, टणक वाळूवरूनच पळावे, जरी तेथे पायांना उसळी बरीचशी परत मिळत असली तरी.