घटस्फोट घेतला की लगेच भारतात परत? असं नसतं

पोर्तुगीज पासपोर्ट असलेल्या गोवेकराशी लग्न करून आयर्लंड नाहीतर जर्मनीत गेलेल्या आपल्या मुलींना वर्षानुवर्षं हेच ऐकवलं जातं की घटस्फोट घेतलास तर राहण्याचा हक्क गेला, आणि या भीतीपायी काहीजणी मारहाण सोसत राहतात. हे साफ चूक आहे हो! युरोपियन युनियनच्या २००४ च्या डायरेक्टिव्हचं (म्हणजे सगळ्या सदस्य देशांनी पाळायच्या कायद्याचं) कलम १३ सांगतं की घटस्फोटाची केस टाकायच्या आधी लग्नाला ३ वर्षं झाली असतील आणि त्यातलं १ वर्ष त्या देशात गेलं असेल तर हक्क टिकतो, आणि नवऱ्याच्या मुलांचा ताबा तुमच्याकडे असेल किंवा घरात हिंसा झाली असेल तर ३ वर्षांची अटही नाही. नुसतं वेगळं राहिल्याने तर काहीच जात नाही.

हां, पण नोकरी-धंदा, नाहीतर पुरेसे पैसे आणि आरोग्य विमा दाखवावा लागतो. आणि हे नीट लक्षात ठेवा, केस टाकायच्या आधीच नवरा देश सोडून गेला तर हक्क जाऊ शकतो, युरोपियन युनियनच्या कोर्टाने २०१५ मध्ये सिंग केसमध्ये तसंच ठरवलंय, म्हणून तो जायची भाषा करायला लागला की आधी वकील गाठा. नवरा स्वतःच्याच देशात राहत असेल, म्हणजे जर्मन नवरा जर्मनीतच, तर मात्र हा नियम नाही, तिथला कायदा बघायचा.