तापीच्या दक्षिणेचा महामार्ग, उत्तरेचा राज्यमार्ग

सुरत-नागपूर महामार्ग आणि अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रस्ता यांची गल्लत नेहमी होते. दोन्ही गुजरातेतून येतात, दोन्ही तापीला धरून पूर्वेकडे जातात. फक्त मधे नदी आहे: सुरत-नागपूर तिच्या दक्षिणेला, अंकलेश्वर-बऱ्हाणपूर उत्तरेला.

दक्षिणेचा रस्ता नवापूर, साक्री, धुळे, पारोळा, एरंडोल, जळगाव, भुसावळ, मुक्ताईनगर असा जातो. जुना राष्ट्रीय महामार्ग सहा नंबर तो हाच. 2010 च्या फेरक्रमांकात तो 53 झाला. हजिऱ्यापासून थेट ओडिशातल्या पारादीपपर्यंत जाणारा हा रस्ता मुख्यतः लांबच्या मालासाठी आहे. त्यावरच्या बहुतेक ट्रकांना खानदेशात काही उतरवायचं नसतं.

उत्तरेचा रस्ता सातपुड्याच्या पायथ्याने जातो: अक्कलकुवा, तळोदा, शहादा, शिरपूर, चोपडा, यावल, फैजपूर, सावदा, रावेर आणि पुढे बऱ्हाणपूर. ही नावं पुन्हा एकदा वाचा. तापीच्या उत्तरेची जवळपास सगळी तालुक्याची ठाणी यात आली. राहिलं ते डोंगरात बसलेलं धडगाव. तहसील, बाजार समिती, एसटी स्टँड, कॉलेज, सगळं याच एका रस्त्याला लागून. सातपुड्यातून उतरणाऱ्या गोमाई, अरुणावती, अनेर अशा नद्या तो आडव्या ओलांडतो. त्यामुळे पावसाळ्यात एखादा पूल बंद पडला की दोन तालुके एकमेकांपासून तुटतात.

केळीच्या दिवसांत सावदा-रावेर पट्ट्यात थांबून बघा. शेतातून ट्रॅक्टर येतो, घड उतरतात. रचताना मधे केळीचीच पानं घालतात, साल काळी पडू नये म्हणून. एवढं जपून भरलेला माल पुढे खड्ड्यांत आदळला की भाव तिथेच पडतो. म्हणून या रस्त्याच्या डागडुजीला दुय्यम काम समजणं मला मुळीच पटत नाही.

कारभारही वेगळा. राष्ट्रीय महामार्गाचा पैसा केंद्राचा. प्रत्यक्ष काम कुठे महामार्ग प्राधिकरण करतं, तर कुठे राज्याच्याच बांधकाम खात्याचा राष्ट्रीय महामार्ग विभाग. राज्यमार्ग मात्र सार्वजनिक बांधकाम खात्याचा, म्हणजे राज्याच्या तिजोरीवरचा. कडेचा दगड बघितला तरी कळतं: राष्ट्रीयचं डोकं पिवळं, राज्याचं हिरवं. उत्तरेचा रस्ता वर्षानुवर्षं हिरव्या दगडांचाच म्हणून ओळखला गेला. त्याच्या दर्जावाढीचा आणि चौपदरीकरणाचा विषय निघाला की केळी-उसाचे शेतकरी आधी विचारतात, तो आहे त्याच गावांतून जाणार का? वळण बाहेरून निघालं तर गाड्या सुसाट जातील, पण चोपड्याच्या बाजारपेठेला त्याचा उपयोग किती?

दोघांना जोडणारा सगळ्यात मोठा दुवा म्हणजे आग्रा रोड, म्हणजेच मुंबई-आग्रा महामार्ग. धुळ्याला तो खालचा रस्ता कापतो, सावळद्याच्या पुलावरून तापी ओलांडतो आणि शिरपूरला वरच्या रस्त्याला भेटतो. तेव्हा शिरपूरहून रावेरला निघालात तर धुळे-जळगावचा वळसा घेऊ नका. चोपडा-यावलवरून सरळ जा.