जपानची न्यायालयं पाहायला जाताय? व्हिसाचा अर्ज अडतो तो इथे

जपानी न्यायालयात बसून खटला पाहायला परवानगी लागत नाही. टोकियोत कासुमिगासेकीला जिल्हा न्यायालय आहे. दारातल्या तपासणीतून पिशवी जाऊ द्यायची आणि प्रेक्षकांच्या बाकावर जाऊन बसायचं. फी नाही, ओळखपत्र नाही. खटला उघड चालवायचा, असं त्यांच्या राज्यघटनेचं ८२वं कलमच सांगतं. अडचण येते ती त्याच्या बरीच आधी, इथे मुंबईत. महाराष्ट्र-गोव्यातले अर्ज मुंबईतल्या जपानी वाणिज्य दूतावासाकडे जातात, कागद मात्र अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस या कंपनीच्या केंद्रात द्यायचे असतात. फॉर्म, फोटो, पासपोर्ट, तिकिटाचं बुकिंग हे सगळ्यांचंच नीट असतं, म्हणून त्यावर वेळ घालवत नाही.

पहिली चूक हेतूची. ‘पर्यटनाचा ई-व्हिसा सोपा आहे, तोच काढू’ असं एजंट सांगतो. सुट्टीत हिंडताना एखादा दिवस न्यायालयात डोकावणार असाल तर त्यात गैर काही नाही. पण तिथल्या विद्यापीठातल्या प्राध्यापकाकडे बसून काम करायचंय, वकिलांच्या मुलाखती घ्यायच्यात, त्यावर प्रबंध लिहायचाय, आणि अर्जावर लिहिलंय ‘पर्यटन’. मग विमानतळावरचा अधिकारी ‘कशासाठी आलात?’ विचारतो तेव्हा खरं सांगावं की कागदाशी जुळेल ते, असा पेच पडतो. हेतू खरा लिहा. ९० दिवसांच्या आतलं, बिनपगारी काम अल्प मुदतीच्या व्हिसात बसतं. कामाचा मोबदला मात्र घेता येत नाही.

खरा हेतू लिहिला की जपानमधल्या माणसाचे कागद लागतात, आणि निम्मे अर्ज तिथेच रखडतात. निमंत्रणाचं कारण सांगणारं पत्र म्हणजे ‘शोहेई रियूशो’, हमीपत्र म्हणजे ‘मिमोतो होशोशो’, आणि मुक्कामाचं दिवसवार वेळापत्रक. प्राध्यापकाचा ‘तुमचं स्वागत आहे’ असा दोन ओळींचा ईमेल छापून जोडणारी कायद्याची मुलं मी दरवर्षी पाहते. तो ईमेल म्हणजे निमंत्रणपत्र नव्हे. नमुने जपानच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. ते उतरवून, आपलं नाव, जन्मतारीख, तारखा पासपोर्टप्रमाणे भरून प्राध्यापकांना पाठवा. त्यांच्या वेळेचा विचार आपणच करायचा.

हमीपत्र पाहून कित्येक प्राध्यापक बिचकतात. राहण्याचा खर्च, परतीचा खर्च, कायद्याचं पालन या तीन गोष्टींची हमी त्यात असते. आपल्याकडे बँकेच्या कर्जाला जामीन राहणं म्हणजे काय ते ठाऊक असल्यामुळे आपली मुलंही सही मागायला लाजतात. पण ही तशी जामीनकी नाही. जबाबदारी नैतिक आहे, कुणाच्या पगारावर टाच येत नाही. हे पहिल्याच पत्रात नम्रपणे लिहा, आणि खर्च तुम्ही किंवा तुमचे वडील करणार असाल तर तेही स्पष्ट लिहा.

आता वडिलांचा विषय. खर्च घरचा असेल तर बँकेचं स्टेटमेंट आणि आयटीआर मागतात. आणि शेतकऱ्याच्या घरी आयटीआर नसतो! शेतीचं उत्पन्न करमुक्त, मग विवरणपत्र भरणार कशाला? हे मुंबईच्या खिडकीवर समजावून सांगायची सोय नसते. म्हणून अर्जासोबत एक पानाचं पत्र जोडा: आयटीआर का नाही, त्याऐवजी काय जोडलंय. सातबारा, तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, साखर कारखान्याचं बिल जमा झालेलं पासबुक, सगळ्याचं इंग्रजी भाषांतर. अर्जाच्या आदल्या आठवड्यात काकाकडून उसने घेऊन खात्यात भरलेले चार लाख मात्र स्टेटमेंटमध्ये लांबून दिसतात. तसं करू नका.

वेळापत्रकात ‘टोकियो – कोर्ट व्हिजिट’ ही ओळ चाळीस दिवस खाली खाली ओढलेली मी पाहिलीय. तो अर्ज नाकारला गेला. कारण सांगत नाहीत, तशी पद्धतच आहे, आणि त्याच हेतूने पुन्हा अर्ज करायचा तर सहा महिने थांबावं लागतं. सहा महिन्यांत एलएल.एम.चं एक सत्र निघून जातं. म्हणून कोणत्या आठवड्यात कोणतं शहर, कोणतं न्यायालय, कोणतं ग्रंथालय, मुक्काम कुठे, फोन कोणता, हे वेगवेगळं लिहा.

तारखांचा घोळ तीन ठिकाणी होतो. व्हिसावरची तीन महिन्यांची मुदत ही जपानमध्ये शिरण्याची शेवटची तारीख असते. राहायचे दिवस निराळे. दुसरं, ९० दिवस म्हणजे तीन महिने नव्हेत. १ जुलैला उतरून १ ऑक्टोबरचं परतीचं तिकीट काढलंत तर ते ९२ दिवस झाले, आणि अर्जाला जोडलेल्या तिकिटावरच ती चूक दिसते. तिसरं, कागद पूर्ण असतील तर पाच कामाच्या दिवसांत निकाल लागतो हे खरं, पण प्रकरण टोकियोला पाठवलं तर महिन्याहून जास्त वेळ लागू शकतो. पंधरा दिवस आधी अर्ज करून रोज फोन करण्यात अर्थ नाही.

९० दिवसांपेक्षा जास्त राहायचं असेल तर रस्ताच वेगळा. विद्यापीठात नाव घातलं असेल तर विद्यार्थी दर्जा, आणि बिनपगारी स्वतंत्र संशोधन असेल तर ‘बुन्का कात्सुदो’, म्हणजे सांस्कृतिक कार्य. दोन्हीसाठी आधी जपानच्या इमिग्रेशन कार्यालयातून पात्रता प्रमाणपत्र काढावं लागतं, आणि तो अर्ज सहसा तिकडची संस्थाच करते. त्याला एक ते तीन महिने लागतात. प्रमाणपत्राची मुदतही दिल्या तारखेपासून तीन महिनेच, आणि तेवढ्यात व्हिसा काढून जपानमध्ये उतरायचं असतं. जानेवारीत प्रमाणपत्र आलं आणि तुमची परीक्षा मेपर्यंत चालली, तर सगळं पहिल्यापासून. परीक्षेचं वेळापत्रक हातात घेऊनच प्राध्यापकांना तारीख कळवा.

संशोधनाच्या आराखड्यातही सांभाळून. ‘साइबान-इन’, म्हणजे नागरिक-न्यायाधीशांची पद्धत २१ मे २००९ ला सुरू झाली. गंभीर गुन्ह्यांत तीन न्यायाधीशांसोबत सहा सामान्य नागरिक बसतात. आपल्या मुलांना याचं भारी आकर्षण, आणि आराखड्यात हमखास वाक्य येतं: ‘नागरिक-न्यायाधीशांना भेटून आतली चर्चा जाणून घेणार.’ अरे बाबा, ती चर्चा बाहेर सांगितली तर त्या माणसाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो, आणि ते गुपित काढायला त्याच्याकडे जाणंही कायद्याने मना आहे. कायद्याच्या विद्यार्थ्याने हे न वाचता लिहावं, हे प्राध्यापकांनाही खटकतं. बाल न्यायाची सुनावणीही बंद दाराआड होते. ती पाहीन असं लिहू नका. तुरुंग पाहायचा असेल तर तुरुंगप्रमुखाची परवानगी लागते, त्यासाठी विद्यापीठाचं पत्र आधीच पाठवा. १ जून २०२५ पासून सक्तमजुरी आणि साधी कैद हा भेद मोडून तिथे कैदेची एकच शिक्षा आलीय, तेव्हा जुन्या पुस्तकातले शब्द आराखड्यात तसेच उतरवू नका.

न्यायालयात वही काढायला घाबरू नका. ही मुभाही एका परदेशी अभ्यासकामुळेच मिळाली. लॉरेन्स रेपेटा हे अमेरिकन वकील टोकियोत करचुकवेगिरीचा खटला पाहायला बसत, टिपणं काढू द्या म्हणून विनंती करत, आणि ती नाकारली जाई. पत्रकारांना मात्र चालत असे. ते नुकसानभरपाईच्या दाव्यात हरले, पण ८ मार्च १९८९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की टिपणं काढायला सहसा हरकत घेऊ नये. फोटो आणि ध्वनिमुद्रण मात्र बंदच.

पोहोचल्यावर तळमजल्यावर त्या दिवशीच्या खटल्यांची यादी पाहा. ‘शिन्केन’, म्हणजे नवं प्रकरण, असा शेरा असलेला फौजदारी खटला निवडा. आरोपीने गुन्हा कबूल केलेला असेल तर आरोपपत्रापासून वकिलांच्या समारोपापर्यंत बहुतेक सगळं तासाभरात पाहायला मिळतं. कोठडीतल्या आरोपीला वर्षानुवर्षं हातकड्या आणि कमरेला दोरी बांधून आत आणत आणि मग ती सोडत. जपानी येत नसेल तर सोबत कुणीतरी हवं, मात्र कुजबुजत भाषांतर करायला लावू नका, बाहेर येऊन विचारा. जुलैअखेर ते ऑगस्ट न्यायालयांची उन्हाळी सुट्टी पाळीपाळीने चालते, खटले कमी असतात. आपल्या मुलांना मे-जूनमध्ये सुट्टी असते. मेचा पहिला आठवडा तिकडच्या सलग सुट्ट्यांचा, तो सोडून तिकीट काढा.