आईच्या रक्तातल्या दोन टेकड्या

हळदीचा हात पांढऱ्या शर्टाला लागला आणि आपण घाईघाईने त्यावर साबण चोळला, की डाग लालभडक होतो. हळद आणि चुन्यातून कुंकू होतं तेही याच गुणामुळे. अल्कलीशी गाठ पडली की हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूची ठेवण बदलते आणि रंग पालटतो. तो लाल डाग म्हणजे इथे अल्कली आहे अशी बातमीच. हीच हळद थोड्या स्पिरिटमध्ये घोळून, गाळून, अंधारात नोटा तपासायच्या जांभळ्या टॉर्चखाली धरा. द्रावण पिवळट हिरवं उजळतं. एका रंगाचा प्रकाश पिऊन दुसऱ्या, कमी ऊर्जेच्या रंगाचा प्रकाश बाहेर टाकण्याच्या या गुणाला जॉर्ज स्टोक्स यांनी 1852 साली फ्लुओरेसन्स हे नाव दिलं.

बातमी देणं आणि उजळणं, हे दोन्ही गुण एकाच रेणूत आणले तर? जिवंत पेशीच्या आत डोकावण्याची एक फार देखणी युक्ती त्यातून तयार झाली आहे.

आपल्या रक्तात न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी असतात. जिवाणू गिळला की त्या पेशीत एनएडीपीएच ऑक्सिडेज हे एन्झाइम जागं होतं आणि ऑक्सिजनच्या रेणूला एक जादा इलेक्ट्रॉन देतं. तयार होतो सुपरऑक्साइड. त्याचं लगेच हायड्रोजन पेरॉक्साइड होतं आणि त्यातून पुढे आणखी जहाल रसायनं. हे रेणू दिसेल त्याच्याशी भिडतात, म्हणून ते टिकत नाहीत. पेशी फोडून आत काय होतं ते बघू म्हटलं, तर तोवर सगळं आटोपलेलं असतं. त्यामुळे घटना घडायच्या आधीच आत एक साक्षीदार नेऊन बसवावा लागतो.

असा एक साक्षीदार म्हणजे डायहायड्रोऱ्होडामीन 123, प्रयोगशाळेच्या बोलीत डीएचआर. ऱ्होडामीन हा छान चमकणारा रंग. त्यात दोन हायड्रोजन जादा चिकटवले की रेणूतल्या बंधांची सलग साखळी मधेच तुटते आणि चमक जाते. हा विझलेला रेणू पेशीच्या पडद्यातून सहज आत शिरतो. आत पेरॉक्साइडची धामधूम सुरू झाली की ते हायड्रोजन निघून जातात, साखळी पुन्हा सांधली जाते आणि निळ्या लेझरखाली पेशी हिरवी दिसू लागते.

या रंगाचं मोल कळतं ते क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज या जन्मजात आजारात. त्यात एनएडीपीएच ऑक्सिडेजच नादुरुस्त असतं. न्यूट्रोफिल जिवाणू गिळतात, पण मारू शकत नाहीत. बाळाला पुन्हा पुन्हा गळवं होतात, फुप्फुसात बुरशी धरते. आपल्याकडे जन्मल्यावर लगेच बीसीजीची लस देतात, त्यानंतर काखेत गाठ येऊन ती चिघळणं हीसुद्धा कधी कधी या आजाराची पहिली खूण असते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत अशा आजारांचं निदान होतं.

चाचणीला रक्त अगदी थोडं लागतं. त्यात डीएचआर मिसळायचं, मग पीएमए नावाचं रसायन घालायचं. हे रसायन म्हणजे पेशीसाठी धोक्याची खोटी घंटा. नंतर फ्लो सायटोमीटरमध्ये पेशी एकामागून एक लेझरसमोरून जातात आणि यंत्र प्रत्येकीची चमक मोजून कुठल्या चमकीच्या किती पेशी आहेत याचा आलेख काढतं. निरोगी रक्ताच्या आलेखात उजवीकडे, भरपूर चमकीच्या बाजूला, एक उंच टेकडी उभी राहते. आजारी बाळाची टेकडी घंटा वाजवूनही डावीकडेच, अंधारात राहते.

मग बाळाच्या आईचं रक्त तपासतात, आणि मला सगळ्यात थक्क करणारी गोष्ट इथे आहे. या आजाराचा एक प्रमुख प्रकार एक्स गुणसूत्रावरच्या दोषामुळे होतो. स्त्रीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्सपैकी एकच चालू असतं, दुसरं गर्भावस्थेतच गप्प केलेलं असतं. आई वाहक असेल, म्हणजे तिच्या दोनपैकी एका एक्सवर हा दोष असेल, तर तिचे काही न्यूट्रोफिल चांगल्या एक्सवर चालतात, काही सदोष एक्सवर. आलेखात दोन वेगळ्या टेकड्या दिसतात, एक अंधारी, एक उजळ. तिच्या जन्माच्या कितीतरी आधी पेशीपेशीत पडलेलं दान असं कागदावर उमटतं.

पण चमक दिसली म्हणजे नेमकं काय दिसलं, हे प्रत्येक वेळी विचारावं लागतं. नुसतं पेरॉक्साइड डीएचआरला फारसं पेटवत नाही, त्याला मायलोपेरॉक्सिडेज या दुसऱ्या एन्झाइमचा हात लागतो. (पुवाला हिरवट रंग येतो तो याच एन्झाइममुळे.) काही माणसांत जन्मतःच ते कमी असतं. त्यातले बरेचसे ठणठणीत असतात, तरी त्यांचा आलेख आजारी बाळासारखा अंधारा येऊ शकतो. अशा वेळी सुपरऑक्साइड वेगळ्या पद्धतीने तपासल्याशिवाय निदानाचा शिक्का मारणं धोक्याचं. संशोधनात भरपूर वापरला जाणारा डीसीएफएच हा रंग तर आणखी अवघड: पेटताना तो स्वतःच थोडं पेरॉक्साइड तयार करतो. साक्षीदारच घटनेत हात घालतो म्हणा ना.

म्हणून अधिक नेमके रंग शोधले गेले. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या क्रिस्टोफर चँग यांच्या गटाने 2004 मध्ये रंगाच्या रेणूला बोरॉनचं झाकण बसवलं. पेरॉक्साइड ते झाकण काढतं आणि रंग उजळतो. सुपरऑक्साइडला ते जमत नाही. मात्र पेरॉक्सिनायट्राइट हा रेणू तेच झाकण सुमारे 10 लाख पट वेगाने उडवतो, हे पुढे लक्षात आलं. 2006 मध्ये रशियन शास्त्रज्ञांनी निराळी वाट धरली. जिवाणूतल्या पेरॉक्साइड ओळखणाऱ्या प्रथिनाला चमकणारं प्रथिन जोडून त्यांनी हायपर हा संवेदक बनवला, जो पेशी स्वतःच तयार करते. 2009 मध्ये हार्वर्डमध्ये तो झेब्राफिश या छोट्या माशाच्या पिल्लांत घातला आणि शेपटीच्या टोकाला छोटी जखम केली. सुमारे 3 मिनिटांत जखमेच्या कडेला पेरॉक्साइड वाढू लागलं, 20 मिनिटांच्या आसपास शिगेला पोचलं, आणि हे वाढणं पांढऱ्या पेशी येण्याच्या आधीच सुरू झालं होतं. जंतू मारायचं रसायन म्हणून ज्याची ओळख, ते इथे जखमी कातडीने पाठवलेलं बोलावणं निघालं.

दवाखान्यात मात्र अजूनही तो साधा डीएचआरच कामाला येतो, कारण तो झटपट उत्तर देतो आणि त्याच्या खोडी आता ठाऊक आहेत. या आजारावर उपाय म्हणून अस्थिमज्जा प्रत्यारोपण झालेल्या मुलाचं रक्त काही आठवड्यांनी पुन्हा घेतात, पुन्हा तोच रंग, तीच खोटी घंटा. दात्याच्या पेशी रुजल्या असतील, तर जिथे आजवर सपाट रेघ होती तिथे, आलेखाच्या उजव्या बाजूला, एक टेकडी वर येऊ लागलेली असते.