मामाच्या शर्टावरचं इंद्रधनुष्य

गेल्या महिन्यात ताईच्या लग्नाची २००६ सालची डीव्हीडी लावली. मंगलाष्टकं सुरू होती, ताईच्या पाठीशी मामा उभा. त्याचा शर्ट पांढरा, त्यावर बारीक राखाडी उभ्या रेघा. पण टीव्हीवर त्या शर्टावरून निळे-केशरी पट्टे सळसळत होते. कॅमेरा जवळ गेला की पट्टे गायब, मागे सरकला की पुन्हा हजर! शिवाय अंतरपाटावरच्या कुंकवाच्या स्वस्तिकाच्या कडेने मुंग्या चालल्यासारखे ठिपके. 'डिस्क खराब झाली,' असं घरात सगळ्यांनी ठरवून टाकलं. पण डिस्क खराब झाली की चित्र अडकतं, त्याचे चौकोनी तुकडे पडतात. पांढऱ्या शर्टाला रंग चढत नाही. दोष होता टीव्हीच्या मागे खोचलेल्या पिवळ्या पिनेत.

डिस्कवर चित्र दोन भागांत साठवलेलं असतं. उजेड-अंधाराचं चित्र ७२० × ५७६ ठिपक्यांचं आणि रंगाची माहिती त्याच्या चौथाई, ३६० × २८८. आपल्या डोळ्यांना बारकावे कळतात ते उजेडातल्या फरकामुळे. रंग थोडा पसरला तरी चालतं. म्हणजे डिस्कवर उजेड आणि रंग वेगळेच आहेत. पिवळी वायर मात्र त्यांची खिचडी करते.

याचं कारण जुनं आहे. रंगीत टीव्ही आला तेव्हा घरोघरी कृष्णधवल संच होते. त्यांनाही तेच प्रक्षेपण दिसायला हवं आणि हवेतली जागाही वाढवायची नाही, म्हणून रंग उजेडाच्याच लहरीत दडवला. आपल्याकडे १९८२ साली रंगीत दूरदर्शन आलं ते याच तत्त्वावरच्या 'पाल' पद्धतीने. तिच्यात रंग वाहून नेणारी लहर सेकंदाला सुमारे ४४.३ लाख वेळा कंप पावते. लहर किती उंच यावरून रंग किती गडद ते कळतं. ती किती पुढे-मागे सरकली आहे यावरून रंग कोणता ते कळतं.

आता मामाच्या शर्टाकडे या. पडद्यावरची एक आडवी ओळ रेखाटायला सुमारे ५२ मायक्रोसेकंद लागतात. तेवढ्या वेळात रंगाची लहर साधारण २३० वेळा वरखाली होते. समजा शर्टाच्या रेघा इतक्या बारीक आहेत, की तशाच रेघांनी सगळी ओळ भरली तर काळ्या-पांढऱ्याच्या २३० जोड्या बसतील, म्हणजे एक जोडी जेमतेम तीन ठिपक्यांची. मग वायरीतला उजेडही सेकंदाला ४४.३ लाख वेळा वरखाली होतो. पिवळ्या पिनेतून आलेली ही लहर कपड्याची की रंगाची, हे टीव्हीला खात्रीने सांगता येत नाही. तो तिला रंग समजतो आणि शर्ट रंगवून टाकतो. कॅमेरा जवळ गेला की रेघा रुंद होतात, कंप कमी होतात, घोळ मिटतो. स्वस्तिकाच्या कडेला नेमकं उलटं घडतं: तिथे उरलेल्या रंगाच्या लहरीला टीव्ही उजेड समजतो, म्हणून ठिपके.

हवेतल्या अडचणीवरचा हा तोडगा दीड मीटरच्या वायरीत कशाला हवा? एस-व्हिडिओत उजेड आणि रंग वेगवेगळ्या तारांतून जातात, तेवढ्यानेच शर्ट शुद्ध होतो. कॉम्पोनंटच्या हिरव्या, निळ्या, लाल पिना त्याहून सरस, कारण तिथे रंगाचेही दोन भाग वेगळे राहतात. हिरव्या पिनेतून हिरवा रंग जातो हा सार्वत्रिक गैरसमज आहे. तिच्यातून जातो उजेड. प्लेअरच्या सेटिंगमध्ये 'प्रोग्रेसिव्ह' (सगळ्या ओळी एकदम पाठवण्याची सोय) बंद करा, त्याच्या हिरव्या पिनेतून एकच वायर काढून टीव्हीच्या पिवळ्या पिनेत लावा. सुरेख कृष्णधवल चित्र दिसेल, आणि त्यात एकही मुंगी नसेल. हा प्रयोग मुलांना जरूर दाखवा.

दोन्हीकडे एचडीएमआय असेल तर मात्र प्रश्नच नाही, तीच लावा. तिच्यात डिस्कवरचे आकडे आकडे म्हणूनच टीव्हीपर्यंत पोचतात. दुकानात मला सोन्याचा मुलामा दिलेली महागडी केबल दाखवून 'काळा रंग जास्त काळा दिसतो' असं सांगण्यात आलं. हे साफ खोटं आहे. एक आणि शून्य नीट पोचले की चित्र तेच. नाही पोचले तर पांढरे ठिपके उडतात किंवा पडदा काळा होतो. सोनं गंजत नाही, दमट कोकणात पिनेला तेवढा उपयोग. चित्राला काही नाही. डीव्हीडीला या केबलमधल्या तारांच्या एका जोडीतून सेकंदाला २७ कोटी बिट पुरतात. फुल एचडीला १४८.५ कोटी लागतात. जी साधी केबल फुल एचडी पेलते, तिला डीव्हीडी म्हणजे काहीच नाही.

आमच्या जुन्या प्लेअरला एचडीएमआय नाही, म्हणून कॉम्पोनंटची वायर आणली आणि तीच डिस्क पुन्हा लावली. मामाचा शर्ट पांढरा, रेघा राखाडी, आणि स्वस्तिकाच्या कडेला कुंकू जिथे थोडं फिसकटलं होतं तेही स्पष्ट दिसलं.